चेतकचे पत्रे, एनसी रंग आणि हजारभराची गन: घरच्या रंगकामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

चेतक स्कूटरचे दोन्ही बाजूंचे गोल पत्रे आणि पुढचा मडगार्ड उतरवून गच्चीवरच्या शेडमध्ये आणले. सांगाडा आणि हँडल नंतर बघू, आधी सुटणारे भाग. गंज खालच्या कडेला, पत्रा आत वळतो तिथंच जास्त आहे. चिखल तिथं अडकतो आणि पावसाळाभर ओला राहतो. तेवढी कड तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली. बाकीचा जुना रंग घट्ट बसलेला आहे, तो उकरून काढण्यात अर्थ नाही.

मात्र जुना रंग कसला आहे हे बघितल्याशिवाय वर काही मारायचं नाही. थिनरमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर पत्र्यावर दाबून ठेवला. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो एनसी, म्हणजे नुसतं थिनर उडून सुकणारा रंग. सुरकुत्या पडल्या तर सिंथेटिक इनॅमल, आणि त्यावर एनसी मारला की थिनरने खालचा थर उचलला जाऊन सगळं काम फुगतं. इथं काहीच झालं नाही, म्हणजे कंपनीचा भट्टीत भाजलेला मूळ रंग. त्याच्यावर निर्धास्तपणे एनसी चालतो. ३२० नंबरच्या पाणी पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) सगळीकडची चमक मोडून ठेवली.

नवा रंग एनसीच घ्यायचा. गॅरेजमध्ये विचारलं तर सरसकट पीयू (पॉलियुरेथेन रंग) सांगतात. पीयूची चमक आणि टिकाऊपणा मला मान्य आहे, पेट्रोल सांडलं तरी तो हलत नाही. पण तो घट्ट होण्यासाठी त्यात जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट हे रसायन असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं की दमा जडू शकतो, आणि शरीराने एकदा धसका घेतला की पुढं अगदी थोडी वाफही सोसत नाही. त्यातून वास येईपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेपलीकडं गेलेलं असतं, त्यामुळं मास्कचा फिल्टर संपला तरी नाकाला पत्ता लागत नाही. नीट काम करणाऱ्या ठिकाणी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरतात. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत असताना, लहान पोरं खेळत असताना मी पीयू मारणार नाही.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. अमेरिकेत ड्यूपाँने १९२० च्या दशकात 'ड्युको' नावाने तो मोटारींसाठी आणला आणि रंगकामाला लागणारे आठवडे तासांवर आले. आपल्याकडं सुतार अजून ड्युको म्हणतात तो हाच. हा रंग फक्त थिनर उडून गेल्यामुळं सुकतो, आत कसलीही क्रिया होत नाही. त्यामुळं नवा थर खालच्या थरात थोडा विरघळून एकजीव होतो, ओघळ आला तर घासून परत मारता येतो, आणि उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवला तर पुढच्या कामाला येतो. घरी शिकत शिकत काम करणाऱ्याला यापेक्षा समंजस रंग मिळणार नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून फिकट निळा एक लिटर, रंगाखाली मारायचा ग्रे सरफेसर, खड्डे भरायच्या एनसी पुट्टीचा डबा आणि थिनर आणलं. थिनर दोन प्रतीचं घेतलं: रंगात घालायला चांगलं, गन धुवायला हलकं. हलक्या थिनरमध्ये एनसी नीट विरघळवणारे घटक कमी असतात. डब्यात रंग पातळ दिसतो, पण पत्र्यावर तो मेलेला, मॅट बसतो. पैसे वाचवायचे तर रंगाच्या ब्रँडमध्ये वाचवावेत, थिनरमध्ये नाही, हे माझं ठाम मत.

उघड्या पत्र्यावर गंज रोखणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात ब्रशने दिला, हातमोजे घालून.

५ जानेवारी, रविवार

आज फक्त रंग फवारायची गन. वरच्या कपाची, १.४ मिलिमीटर भोकाच्या नोझलची, हजार-बाराशे रुपयांत मिळते तशी. नवीन गन सरळ कामाला लावू नये. आत कारखान्यातलं तेल आणि धातूचा बारीक चुरा असतो, तो पहिल्याच हातात रंगातून बाहेर येतो. एअर कॅप (पुढचं हवेचं टोपण), सुई, नोझल या क्रमाने पूर्ण उघडली. जोडताना उलट, आधी नोझल आणि मग सुई. नोझल काढताना सुई आत राहिली तर टोकाला ओरखडा पडतो, आणि मग गन कायमची ठिबकत राहते.

भिंगाखाली एअर कॅप बघितली. मधल्या मोठ्या भोकात नोझलचं टोक बसतं आणि भोवती हवेसाठी एक बारीक कडं उरतं. ते कडं सगळीकडून सारखं हवं. याचं बरोबर आहे. पण कॅपवर पुढं आलेल्या दोन शिंगांपैकी एकाच्या भोकाच्या काठावर पितळेची कुसळासारखी कोर उभी होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. बांबूची काडी टोकदार करून, थिनरमध्ये बुडवून ती आतून फिरवत काढली. इथं तार किंवा टाचणी कधीच घालायची नाही. भोक रुंद झालं की कॅप टाकून द्यावी लागते. स्वस्त गन आणि महाग गन यांच्यात फरक असतो तो बराचसा याच जागी: भोकं किती सारखी आणि किती स्वच्छ पाडलीत. हाताने केलेल्या साफसफाईने त्यातला मोठा वाटा भरून निघतो.

सुईच्या पॅकिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. सिलिकॉनचा स्प्रे या शेडमध्ये आणायचाच नाही, त्याचा अंश पत्र्यावर पडला तरी रंग तिथून मागं सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

११ जानेवारी, शनिवार

हवेचा हिशोब. कॉम्प्रेसर एक एचपीचा, टाकी ५० लिटरची. पंप मिनिटाला प्रत्यक्षात चारेक घनफूट हवा देतो. ही गन ट्रिगर पूर्ण दाबल्यावर आठच्या आसपास खाते. म्हणजे टाकी रिकामी होणार हे नक्की, प्रश्न किती वेळात एवढाच.

टाकी १०० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) भरलेली. पंप ८० ला चालू होतो, तोवर गन एकट्या टाकीवर चालते. ५० लिटरच्या टाकीत २० पीएसआयचा फरक म्हणजे साधारण ६८ लिटर, अडीच घनफुटांना थोडी कमी हवा. ती १८ सेकंदांत संपते. पुढं ८० ते ५० पीएसआयमध्ये साडेतीन घनफुटांची शिल्लक, आणि आता पंपही भर घालतोय, त्यामुळं ती ५४ सेकंद पुरते. एकूण सव्वा मिनिट. चेतकच्या एका पत्र्याचा एक हात यात आरामात बसतो. मोटारीचं बॉनेट बसलं नसतं. तेव्हा नियम असा: एक पत्रा, एक हात, मग टाकी भरेपर्यंत थांबायचं. तसंही दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थिनर उडायला सोडावीच लागतात, म्हणजे वेळ वाया जात नाही.

लहान कॉम्प्रेसरवर एचव्हीएलपी गन घेऊ नका असं मी सांगेन. कमी दाबावर जास्त हवा हेच तिचं तत्त्व, आणि घरी कमी असते ती हवाच. छोटी टच-अपची गन घेतली तर गोष्ट वेगळी.

दाब कुठं मोजतो यावर सगळं आहे. कॉम्प्रेसरवरचा काटा ४५ दाखवतो तेव्हा गनच्या मुठीला लावलेला छोटा गेज ट्रिगर दाबून ३२ दाखवतो. बाकीचा दाब लांब, बारीक नळी खाते. ट्रिगर सोडला की दोन्ही काटे सारखे होतात, म्हणून ट्रिगर न दाबता वाचलेला आकडा निरुपयोगी. दोनशे-तीनशे रुपयांचा हा गेज या कामातली सगळ्यात मोलाची खरेदी.

पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी न लावता नळीच्या गनकडच्या भागात लावला. पंपातून निघालेली हवा गरम असते, तिच्यातलं पाणी वाफ होऊन फिल्टरमधून सरळ निघून जातं. नळीत थंड झाल्यावर त्याचे थेंब होतात, तेव्हा ते अडवता येतात. टाकीखालचा कॉक उघडून रोज पाणी काढायचं.

कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर, जिन्याच्या बाजूला. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि कॉम्प्रेसरचा स्विच दर वेळी ठिणगी टाकतो. याच कारणाने घरातला साधा एक्झॉस्ट पंखाही शेडमध्ये लावलेला नाही. दोन्हीकडची ताडपत्री वर बांधून वारा खेळता ठेवला आहे.

१२ जानेवारी, रविवार

आजचा पूर्ण दिवस रद्दीवर गेला आणि सगळ्यात जास्त शिकायला आजच मिळालं.

रंग एक भाग, थिनर सव्वा भाग. रंगाचा पातळपणा मोजायच्या, तळाला भोक असलेल्या फोर्ड कपमधून धार तुटेपर्यंत १८ सेकंद. दुपारी ऊन वाढल्यावर तेच मिश्रण १६ वर आलं. उन्हात रंग स्वतःच पातळ होतो हे ध्यानात ठेवून थिनर घालायचं. पातळ केलेला रंग जाळीतून गाळूनच कपात.

गनचे तीन नॉब: मागं वरचा फवाऱ्याची रुंदी ठरवतो, त्याच्याखालचा सुई किती मागं सरकेल म्हणजे रंग किती येईल ते ठरवतो, आणि मुठीखालचा हवेचा. सुरुवात रंगाचा नॉब पूर्ण बंद करून, मग दोन फेरे उघडून.

पुठ्ठ्यावर कागद चिकटवला, गन १५ ते २० सेंटिमीटरवर धरली आणि क्षणभर ट्रिगर दाबून सोडला. उभा लांबट ठसा उमटला, मधे गच्च ओला आणि टोकांना नुसते ठिपके.

खालच्या गॅरेजमधले पेंटर मामा चहाला वर आले होते. आयुष्य रंगकामात गेलेला माणूस. त्यांनी कागदाकडं पाहिलं.

"हवा कमी पडतीया भावा, न्हाईतर रंग दाट हाय."

"मग थिनर वाढवू का मामा?"

"आधी हवा बघ. एका टायमाला एकच नॉब फिरवायचा. दोन फिरवलंस की कशानं काय झालं त्ये कळत न्हाई."

मुठीवरचा गेज २५ वर होता. तो थोडाथोडा चढवत प्रत्येक वेळी ठसा घेतला आणि शेजारी पेन्सिलने आकडा लिहिला. ३० ला टोकं भरू लागली, ३२ ला ठसा वरपासून खालपर्यंत सारखा. ४० ला उलट झालं: मधला भाग बारीक होऊन ठसा डमरूसारखा दिसायला लागला आणि कागदाच्या मागं निळं धुकं उडालं. ते धुकं म्हणजे रंगाचे पैसे हवेत. शिवाय इतक्या हवेने कण वाटेतच सुकतात आणि पत्र्यावर खरखर बसते.

मग मामांनी त्यांची खास परीक्षा दाखवली. एअर कॅप पाव फेरा फिरवून फवारा आडवा केला आणि ट्रिगर रंग ओघळेपर्यंत दाबून धरला. कागदावरून ओघळ एकसारख्या लांबीचे खाली आले तर गन बरोबर. मधलेच लांब आले तर दाब कमी किंवा रंग दाट, दोन्ही टोकांचे लांब आले तर हवा जास्त किंवा रंग कमी. माझ्याकडं डाव्या बाजूचे ओघळ जरा लांब होते. कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा तेच केलं. जड बाजू आता उजवीकडं गेली. म्हणजे दोष कॅपमध्ये. जागची हलली नसती तर दोष नोझलमध्ये असता. परवा साफ केलेल्या शिंगाच्या भोकात काहीतरी शिल्लक होतं. कॅप थिनरमध्ये बुडवून ठेवली, काडी पुन्हा फिरवली, आणि ओघळ समान झाले.

संध्याकाळी गन मधेच थुंकल्यासारखी थांबून थांबून मारायला लागली. त्याची कारणं ठरलेली: कपात रंग कमी, नोझल ढिलं, पॅकिंग सुकलेलं, किंवा कपाच्या झाकणाचं भोक बुजलेलं. इथं झाकणाचं भोक होतं. रंग खाली जायला वरून हवा आत यावी लागते, भोकात सुकलेला थेंब बसला की ती बंद. काडीने टोचलं, संपलं.

शेवटी मुक्काम असा: मुठीवर ३२, रंग दोन फेरे, फवारा कागदावर सहा इंच. गनच्या खोक्यावर मार्करने लिहून ठेवलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. पुट्टी दोन ठिकाणी, पातळ. एनसी पुट्टी जाड भरली की वरून सुकते आणि आत ओली राहते, मग महिन्याभराने खचून खड्डा दिसतो. सरफेसरचे तीन हात. तो रंगापेक्षा जड असतो, १.४ मधून मारायचा तर थिनर जास्त लागतं आणि हातही एखादा वाढतो. १.८ ची वेगळी गन असती तर बरं झालं असतं.

१८ जानेवारी, शनिवार

सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला आणि ६०० च्या पाणी पेपरने घासायला बसलो. उंच जागेवरचा काळा लगेच जातो, खोलगट जागी राहतो. सगळा काळा गेला म्हणजे पत्रा सपाट. बोटांमधून पेपर धरला तर बोटांच्या रेषा उमटतात, म्हणून रबरी ठोकळा. गोल भागावर मात्र जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकळ्याऐवजी, तो वळणाबरोबर वळतो. कड फार घासू नये, तिथला थर आधी जातो.

१९ जानेवारी, रविवार

रंगाचा दिवस. सकाळी पंचगंगेकडून धुकं आलेलं, पत्र्यावर हात ठेवला तर गार. अशा वेळी एनसी मारायचा नाही. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग आणखी थंड होतो, हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं आणि रंग दुधासारखा पांढुरका पडतो. अकरा वाजून गेले, ऊन शेडमध्ये आलं, पत्रे कोमट झाले, मग कप भरला.

दुसरी काळजी राखेची. हंगाम चालू आहे. ऊस तुटलेल्या फडातलं पाचट पेटवलं की काळ्या राखेच्या पापड्या गावभर उडतात, आणि ओल्या निळ्या रंगावर एक पापडी म्हणजे एक काळी रेघ. पापडी बोटाने पुसायची नाही, ती फुटून काजळी पसरते. रंग सुकल्यावर पेपरने घासली की निघते. शेडच्या वाऱ्याकडच्या बाजूला ओली सुती साडी टांगली आणि जमिनीवर पाणी शिंपडलं. त्याने बरंच थांबलं.

पत्रा थिनरच्या हलक्या बोळ्याने पुसून, मग चिकट कापडाने. कोळशाचा वाफ-फिल्टर आणि त्यावर धुळीचा फिल्टर असलेला मास्क. साधा कापडी मास्क इथं काही कामाचा नाही.

पहिला हात विरळ, खालचं ग्रे दिसत राहील इतका. तो फक्त पुढच्या हाताला पकड देतो. दुसरा ओला. आधी कडा आणि आतली वळणं, मग मोठा भाग. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, ट्रिगर पत्र्याच्या अलीकडं दाबायचा आणि पलीकडं गेल्यावर सोडायचा. मनगटातून गन वळवली की मधे जाड आणि टोकांना विरळ बसतो, म्हणून खांद्यातून पूर्ण हात सरकवायचा. गोल पत्र्यावर तर गन त्या गोलाईभोवती फिरली पाहिजे, अंतर तेवढंच ठेवून.

नजर गनवर नाही, पट्ट्याच्या ओल्या काठावर. तिरप्या उजेडात रंग पडताक्षणी आधी दाणेदार दिसतो, मग एका श्वासाइतक्या वेळात दाणे मिटून आरशासारखा होतो. ते मिटणं दिसलं तर वेग बरोबर. दाणे तसेच राहिले तर हात जलद चाललाय किंवा गन लांब आहे. मिटून वर लाटा हलायला लागल्या तर पुढं ओघळ येणार, लगेच पुढं सरकायचं. ते पाहताना मला फार आनंद झाला. हे कुठल्या नॉबवर लिहिलेलं नाही आणि डोळ्यांनाच शिकावं लागतं.

दुपारी दोनला ऊन चढल्यावर चौथा हात खरखरीत बसायला लागला. कप रिकामा करून मिश्रणात थोडं थिनर वाढवलं, हवा ३० वर आणली. पाचवा आणि सहावा हात गुळगुळीत.

गन लगेच धुतली. हलक्या थिनरने कप दोनदा, मग नोझल-सुई काढून ब्रशने. पूर्ण गन थिनरमध्ये बुडवून ठेवायची नाही, पॅकिंग फुगतात. रंगाने माखलेले बोळे पाण्याच्या बादलीत टाकून बाहेर नेले. नायट्रोसेल्युलोज पेट घ्यायला फार तयार असतं, सुकलेला चुरासुद्धा.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे हात लावला नव्हता. एनसी बोटाला तासाभरात सुका लागतो, पण आतलं थिनर निघायला दिवस जातात. घाईने पॉलिश केलं तर नंतर थर आकसतो आणि खालच्या पेपरच्या रेषा वर दिसतात.

१२०० च्या पेपरने साबणाच्या पाण्यात, मग २०००. राखेच्या दोन पापड्या याच टप्प्यात गेल्या. नंतर रबिंग कंपाउंड सुती कापडाने, हाताने. मशीन असतं तर लवकर झालं असतं, पण एनसी उष्णतेने मऊ होतो आणि कडेला मशीन टेकलं की ग्रे वर येतं. पत्र्यात शेडच्या वाशांचं प्रतिबिंब सरळ दिसायला लागलं तेव्हा थांबलो. मामांनी पत्रा उजेडाकडं तिरपा करून बघितला आणि "कड चांगली सांभाळलीस" एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडून तेवढं पुरेसं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पत्रे आणि मडगार्ड बसवले. सीटखालच्या टाकीत पेट्रोल भरताना बाजूच्या पत्र्यावर थेंब आला तर तिथल्या तिथं ओल्या फडक्याने पुसायचा, एनसीला पेट्रोल सोसत नाही. फडकं सीटखालीच ठेवलं आहे.

पुढं सांगाडा आणि हँडल, मग रिमचा सिल्व्हर. सिल्व्हरमधल्या ॲल्युमिनियमच्या पापड्या ओल्या जाड थरात बुडून डाग-डाग दिसतात, त्यामुळं त्याला रंगाचा नॉब अर्धा फेरा कमी आणि शेवटचा हात थोडा लांबून, विरळ. ठसे आधी रद्दीवर. हे सगळं मेअखेर व्हायला हवं, मृगाचा पाऊस लागला की हवेतल्या ओलाव्यात एनसीचं काम नीट होत नाही.